तीनशे बारा सेंटिमीटरवरचं बर्फ

"वृंदा, हातातलं टाक आणि इकडं ये," पोतदारकाका म्हणाले. "बर्फ हटलेलं होतं."

मी सिंकपाशी चाळण्या घासत होते. ओले हात ओढणीला पुसत गेले. काकांनी सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल माझ्यासाठी रिकामं केलं. ही साधी गोष्ट नव्हती. त्या स्टुलावर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपायचं नाही.

"सावकाश बघ. पाच नंबरच्या घरात. सात आहेत."

मी डोळा लावला. काळ्या पुठ्ठ्याच्या स्लाइडवर, पाच नंबरच्या चौकोनात, रांगोळीच्या कणाएवढे सात शिंपले ओळीनं लावलेले होते. सातही निळे. फार गडद नाही, नीळ जरा जास्त पडलेल्या बनियनसारखे.

"दिसले?"

"दिसले."

"पांढरेशुभ्र आहेत की नाही? आणि कुठल्या मातीत? तीनशे बारात. मुक्या मातीत."

मी डोळा उचलून त्यांच्याकडे बघितलं. पंचावन्न उलटलेला माणूस, पण चेहरा असा की नातवंडानं पहिलं पाऊल टाकलंय. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "हो काका. पांढरेच आहेत."

याला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी बार्शीहून पुण्यात येऊन पीएचडीला लागले होते आणि माझ्या नावावर दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रतळातून काढलेली चार मीटर सत्तर सेंटिमीटर माती होती. नळीत भरून आणलेली. उसाचं कांडं उभं चिरावं तशी ती चिरायची, दर दोन सेंटिमीटरला चमचाभर माती काढायची, चाळणीवर धुवायची आणि उरलेल्या वाळूतून शिंपले वेचायचे. हे शिंपले म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांची घरं. जीव मेला की घर तळाला जाऊन पडतं आणि हजारो वर्षं पडून राहतं.

त्यावरून आम्ही बर्फाचा हिशोब लावायचो. ध्रुवावरचं बर्फ वाढत वाढत समुद्रावर सरकलं की खाली अंधार. शिंपले पडणं बंद. नुसती दळलेली माती आणि खडे. बर्फ मागं हटलं, समुद्र उघडा झाला, की पुन्हा शिंपल्यांचा सडा. म्हणजे शिंपल्यांचा थर असेल तेव्हा बर्फ मागं, मुका थर असेल तेव्हा बर्फ डोक्यावर. 'मुका' हा शब्द काकांचा. माझ्या नळीत अडीचशेपासून साडेतीनशेपर्यंत सगळं मुकं होतं. त्याच्या ऐन मध्यात, तीनशे बारावर, शिंपले सापडणं म्हणजे काय, तर एवढ्या थोरल्या थंडीतही मध्येच एकदा बर्फ मागं सरलं होतं. असं तोवर आमच्या ओळखीत कुणी म्हटलेलं नव्हतं.

पण माझ्यासमोरचे सात शिंपले निळे होते, आणि निळ्याचा अर्थ आमच्याकडे एकच. चाळणीच्या जाळीत आधीच्या नमुन्याचा एखादा शिंपला अडकून राहतो. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. अडकलेला निळा होतो आणि पुढच्या मातीत शिरला की चोर म्हणून लगेच ओळखू येतो. असा चोर दिसला की ब्रशनं बाजूला सारायचा, पुढं जायचं. पहिल्या दिवशी मला हे शिकवलं ते पोतदारकाकांनीच. आणि शिंपल्यांच्या थरातली माती धुतल्यावर, तीनशे बाराच्या आधी, चाळणी घासली होती मी, गावी जायची बस गाठायची म्हणून घाईघाईत. चोर आत सोडले ते मी. चोराला पाहुणा समजले ते काका.

मुरलीधर पोतदार मूळचे कोल्हापूरच्या गुजरीतले. घरी पिढीजात सोनारकाम. वडलांमागं दुकान मिटलं, काका पुण्याला आले आणि आमच्या संस्थेत प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटले. चोवीस वर्षं एकच काम. सूक्ष्मदर्शकाखाली वाळू पसरायची, तीन केसांचा ब्रश जिभेला लावायचा आणि एकेक शिंपला उचलायचा. मी पहिल्यांदा ते जिभेला लावणं बघून तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "अगं, वीस हजार वर्षांची माती आहे. आता काय बाधणार? मी रोज खातो, बघ कसा खणखणीत आहे."

त्यांनी वेचलेल्या शिंपल्यांवर पाच जण डॉक्टर झाले. त्यांचं नाव प्रबंधाच्या शेवटच्या पानावर, 'यांचेही आभार' या ओळीत, कधी कधी तेही चुकीचं छापलेलं. ते त्याबद्दल कुरकुरत नसत. एकदाच म्हणाले होते, "आपण वेचायचं, नाव लोकांनी ठेवायचं. पण एखादी गोष्ट आपल्याला आधी दिसावी, असं वाटतं गं."

म्हणून त्या शुक्रवारी माझ्या तोंडून निळा शब्द फुटला नाही. वाटलं, एक दिवस खूश होऊ दे बिचारे. उद्या सांगू.

उद्या कसलं सांगतेय. दुपारपर्यंत कॅन्टीनवाल्या राणेंपासून फाटकावरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की पोतदारांनी बर्फ हटवलं. वॉचमन मला गंभीरपणे विचारत होता, "मग आता पाणी वाढणार का, मॅडम?" आमच्या गाइड, चिटणीस मॅडम, सोमवारी दिल्लीहून यायच्या होत्या. चिटणीस मॅडम म्हणजे कडक बाई. नजरेला नजर दिली की आपण काहीतरी चुकलोय हे आपल्याला आठवायला लागायचं. त्या डोळा लावणार, निळं बघणार आणि चारचौघांत विचारणार, "पोतदार, तुम्हाला हे दिसत नाही?" मला ते ऐकायचं नव्हतं. मरून गेले तरी ऐकायचं नव्हतं.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. सगळे गेल्यावर मी त्या स्टुलावर बसले. ब्रश ओला केला, सात निळे उचलले आणि दोनशे चाळीसच्या स्लाइडवरचे, भरगच्च सड्यातले, सात पांढरे तिथं आणून ठेवले. तशीच जात, तेवढाच आकार. दहा मिनिटांचं काम. निळे टाकून द्यायचा धीर झाला नाही. एका रिकाम्या स्लाइडमध्ये घालून माझ्या कप्प्यात ठेवले. घरी जाताना मला पाप केल्यासारखं वाटत नव्हतं, हे कबूल करते. म्हाताऱ्या माणसाची लाज राखली, एवढंच वाटत होतं. सात शिंपल्यांनी मी काही शतकांचं बर्फ मागं ढकललं होतं, हे डोक्यातही आलं नाही.

सोमवारी मॅडमनी पर्स टेबलावर ठेवायच्या आधी डोळा लावला. एकेक शिंपला बघितला. मग विचारलं, "चाळणी निळी केली होती?"

"केली होती," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"आणि हे पांढरे." त्या उठल्या. "पोतदार, किती वर्षं झाली तुम्हाला इथं?"

"चोवीस, मॅडम."

"पेपर लिहू या. तुमचं नाव आभारात नाही जायचं. लेखकांत जाईल. तिसरं."

काकांनी खिशातला रुमाल काढून सूक्ष्मदर्शक पुसला, जो आधीच स्वच्छ होता. संध्याकाळी त्यांनी मला सायकल स्टँडपाशी गाठलं. "वृंदा, लेखकांत म्हणजे नाव वर छापतात ना? पहिल्या पानावर?"

"हो काका."

"बापाचं नाव पण घालता येतं का गं मध्ये? मुरलीधर रामकृष्ण?"

"येतं की."

आता कुणाला काही सांगायची सोयच राहिली नव्हती. मॅडमनी परिषदेला पाठवायचा सारांश टाइप करायला घेतला होता. शुक्रवारी तो जाणार होता.

गुरुवारी सकाळी मॅडमनी काकांना स्लाइड फोटोसाठी न्यायला सांगितली. नेण्याआधी सवयीनं ते एकदा बघायला बसले. मी शेजारच्या टेबलावर वजनं घेत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काका उठेनात.

"वृंदाताई," ते म्हणाले.

त्यांनी मला कधी ताई म्हटलं नव्हतं.

"हे शिंपले मी लावलेले नाहीत."

"असं कसं, काका? तुमचीच स्लाइड आहे."

"स्लाइड माझी. शिंपले माझे नाहीत. मी प्रत्येकाचं तोंड खाली, आकड्याकडं करून लावतो. मोती लावायची सवय आहे हाताला. इथं एकाचं तोंड गावाकडं, एकाचं स्टँडकडं. आणि माझ्या सातांत एक काठाला टवका गेलेला होता. तो कुठं गेला?"

वजनकाट्यावरचा आकडा उगाच हलत होता.

"कुणी हात लावला?"

"मी."

"का?"

मी कप्प्यातून ती दुसरी स्लाइड काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी बघितली. टवका गेलेला शिंपला ओळखला असावा, कारण मान हलवली. मग म्हणाले, "हेच माझे. मग यांना काय झालं होतं बदलायला? चांगले पांढरे तर आहेत."

"काका, ते निळे आहेत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पुन्हा डोळा लावला. दिवा वाढवला. उजवा डोळा, मग डावा डोळा. मग उठून खिडकीपाशी गेले आणि रंगाची बाटली उजेडात धरली. ती बाटली आख्ख्या खोलीत सगळ्यात निळी वस्तू होती.

"ही तर काळीच दिसते मला," ते म्हणाले. "मला वाटायचं, रंग जुना झालाय." बाटली त्यांनी खाली ठेवली. "या दिवाळीला मी बायकोला राखाडी साडी आणली. ती म्हणाली, आकाशी आहे. मी दोन दिवस तिच्याशी भांडलो. दुकानदाराकडे जाऊन विचार म्हणालो."

"काका, मोतीबिंदू असेल. आजकाल सोपं झालंय ऑपरेशन—"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इतके खूश होता."

"म्हणून खोटं खूश केलंत?" आवाज चढला नव्हता, हीच पंचाईत होती. "अहो, सोनाराच्या दुकानात पितळ आलं, तर शेजारच्यानं सांगायचं असतं. शेजारच्यानं रात्रीत सोनं आणून ठेवायचं नसतं. मग तो सोनार पुढं काय काय विकत बसेल? कधीपासून दिसत नाही मला? किती लोकांच्या मातीत मी चोर घालून ठेवलेत?"

ते उठले आणि सरळ मॅडमच्या खोलीकडं चालू लागले. मी मागं धावले. दारात पोचले तेव्हा ते बोलत होते, "मॅडम, तो सारांश थांबवा. तीनशे बारातले शिंपले निळे होते. माझे डोळे गेलेत. मला रंग कळला नाही. माझी चूक आहे."

मॅडम म्हणाल्या, "पण मी बघितलेले पांढरे होते."

काका माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलणारही नव्हते, ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

"ते मी ठेवले," मी दारातूनच म्हणाले. "दोनशे चाळीसमधले. निळे बाहेर काढले आणि पांढरे आत घातले. काकांना माहीत नव्हतं. आणि चाळणी नीट घासली नव्हती, तीही मीच."

मॅडमनी चष्मा काढला. वाटलं, आता ओरडतील, हाकलतील. त्यांनी टाइप केलेला कागद उचलला, मधोमध फाडला आणि टोपलीत टाकला. "एखाद्यानं प्रसिद्धीसाठी असं केलं असतं तर मी त्याला आज बाहेर काढलं असतं," त्या म्हणाल्या. "तू मायेनं केलंस. पण त्या बर्फाला तुझी माया कळत नाही, वृंदा. ते एक तर होतं, नाही तर नव्हतं."

मग त्यांनी शिक्षा सांगितली. गेल्या दोन वर्षांत काकांनी वेचलेल्या सगळ्या स्लाइड मी तपासायच्या. एकशे ब्याऐंशी. प्रत्येकीत निळे किती ते शोधायचं आणि रोज संध्याकाळी काकांना समोर बसवून वाचून दाखवायचं.

"त्यांना कशाला?" मी विचारलं.

"त्यांना माहीत करून घ्यायचंय. तुला अजून कळलेलं दिसत नाही."

ते तीन आठवडे मला अजून आठवतात. दिवसभर मी निळे शोधायची. पाच वाजता काका स्टूल ओढून बसायचे, हात मांडीवर, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे. मी वाचायची. अलीकडून मागं जात होते. ऑक्टोबर, एक निळा. सप्टेंबर, चार. ऑगस्ट, दोन. प्रत्येक आकड्याला ते नुसतं "बरं" म्हणायचे. जुलै, दोन. जून, काही नाही. मे, काही नाही. मी काही नाही म्हणाले की ते विचारायचे, "नक्की?" मी म्हणायची, "दोनदा बघितलं." मग पुढचं. एप्रिल, मार्च, त्यामागचं वर्ष. काही नाही, काही नाही.

शेवटची स्लाइड वाचून मी वही मिटली. "तीनशे बारातले सात सोडून नऊ. सगळे गेल्या चार महिन्यांतले. त्याच्या मागं एकही नाही, काका. सगळं स्वच्छ आहे."

त्यांनी मान खाली घातली. पाच जणांची डॉक्टरकी शाबूत होती, आणि त्यांची स्वतःची चोवीस वर्षं. मला वाटलं आता बोलतील माझ्याशी. ते म्हणाले, "उपकार झाले, वृंदाताई," आणि पिशवी घेऊन गेले. मी प्रयोगशाळेत बसून ढसाढसा रडले.

डिसेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना हिरवा चष्मा. मी घरी जायची, त्यांच्या मंडळी चहा करायच्या, काका पेपरातल्या बातम्या माझ्याकडून वाचून घ्यायचे आणि मला ताईच म्हणायचे. काकू एकदा दारापर्यंत पोचवायला आल्या. "फार मनाला लावून घेतलंय हो यांनी. पण तुझी यायची वेळ झाली की खुर्ची मांडून ठेवतात," त्या हसून म्हणाल्या. "आणि परवा माझी ती साडी कपाटातून स्वतः काढली. म्हणाले, चूक माझीच. लग्नाला तीस वर्षं झाली, असं पहिल्यांदा ऐकलं."

फेब्रुवारीत ते कामावर आले. मॅडमनी तीनशे बाराची राखून ठेवलेली अर्धी माती काढून दिली. एवढीच शिल्लक होती, पुन्हा मिळणार नव्हती. चाळणी मी धुतली. चार वेळा घासली, रंगात बुडवली, भिंगाखाली धरून जाळीचं घर न् घर बघितलं. काका मागं उभे होते.

मग ते वेचायला बसले. मुकी माती वेचायची म्हणजे सगळ्यात कठीण. सापडत काहीच नाही आणि डोळ्यानं तर एक कणही सोडून चालत नाही. सहा दिवस ते वेचत होते. तिसऱ्या दिवशी एक निळा सापडला. "हा बघा चोर," ते म्हणाले आणि बाजूला सारला. त्यांचा आवाज त्या क्षणी इतका समाधानी होता की मला हसू आलं. वाळू पसरलेली प्रत्येक थाळी त्यांची बघून झाली की ते उठायचे आणि मला बसवायचे. मी पुन्हा पहिल्यापासून बघायची. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. मी देवाकडं एक शिंपला मागत होते. एकच, पांढरा. म्हणजे त्यांचं नाव पहिल्या पानावर जाईल.

शनिवारी दुपारी शेवटची थाळी संपली. काकांनी ब्रश धुतला, टोक नीट जुळवलं आणि फुलपात्रात उभा करून ठेवला. मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय पोतदार?"

"नाही मॅडम. एकही नाही. मुकीच आहे माती."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की," काका म्हणाले. "पण आहे ते आहे."

मॅडम म्हणाल्या, "तीनशे बारावर बर्फ होतं, हे आता आपल्याइतकं खात्रीनं कुणाला सांगता येणार नाही. तेही छापायचंच असतं. नाव तिसरंच राहील. मुरलीधर रामकृष्ण." आणि त्या निघून गेल्या.

काकांनी नोंदवही ओढली, तीनशे बाराच्या ओळीत एक टपोरं शून्य काढलं आणि पुढं सही केली. सही वाळेपर्यंत फुंकर घातली. मग वही माझ्याकडं सरकवली.

"खाली तूही सही कर."

"माझी कशाला? वेचणाऱ्याचीच असते."

"डोळे गेलेल्या माणसानं बघितलंय, असं उद्या कुणी म्हटलं तर? दुसऱ्यानं पण बघितलंय हे दिसायला पाहिजे."

"काका, माझ्या सहीवर कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवतो की," ते म्हणाले. "कर सही, पोरी."

मी सही केली. वाळेपर्यंत मीही फुंकर घातली.